देव सगळीकडे आहे, तर पंढरीला कशाला जायचं? विरहभक्तीची सोपी ओळख

ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघाल्या की तीन आठवडे बातम्यांत दुसरं काही दिसत नाही. दिवे घाटातली पताकांची रांग, नीरेतलं पादुकांचं स्नान, रिंगणात धावणारा अश्व, आणि शेवटी पंढरपुरातली न संपणारी दर्शनबारी. हे सगळं पाहताना अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो आणि तो अगदी रास्त आहे. वारकरी कीर्तनात सांगतात की देव चराचरात भरलेला आहे. मग तेच वारकरी आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत का जातात? बारीत रात्र काढून, काही क्षणांसाठी पायांवर डोकं ठेवायची धडपड कशासाठी? ज्या देवाला पाहायला एवढं लांब जावं लागतं, तो सगळीकडे आहे असं कसं म्हणायचं?

वारकऱ्यांच्या घरात वाढलेली मुलंही हा प्रश्न आजीला विचारतात. "तुला ते कळायचं नाही" असं म्हणून आजी विषय मिटवते. माझ्या मते हे कळण्यासारखं आहे. त्यामागे नीट विचार केलेली, शेकडो वर्षं तपासून पाहिलेली एक दृष्टी आहे.

आधी दोन-तीन शब्द

विरह म्हणजे आपल्या माणसापासून दूर असल्याचं दुःख. हेच दुःख देवाच्या बाबतीत जाणवू लागलं आणि त्या दुःखालाच उपासनेचं रूप आलं, की तिला विरहभक्ती म्हणतात. आणखी दोन शब्द लागतील. ज्याला रूप आहे, नाव आहे, ज्याच्याशी बोलता येतं तो सगुण देव. ज्याला रूप-रंग काहीच नाही, जो सर्वत्र आहे तो निर्गुण. एवढ्या शिदोरीवर पुढचा लेख वाचता येईल.

विरहाला भक्तीत एवढं मोठं स्थान कुणी दिलं? संतांच्याही आधी नारदाच्या भक्तिसूत्रांनी. या ग्रंथात ८४ छोटी सूत्रं आहेत. भक्तीची खूण कोणती, याबद्दलची निरनिराळी मतं त्यात मांडली आहेत. पूजेची आवड म्हणजे भक्ती, हे व्यासांचं मत. कथेची आवड म्हणजे भक्ती, हे गर्गांचं. मग १९व्या सूत्रात नारद स्वतःचं मत देतात: आपलं सगळं आचरण देवाला अर्पण करणं, आणि त्याचा विसर पडला तर जीव अत्यंत व्याकुळ होणं. पूजा किती केली, जप किती झाला, याचा इथे उल्लेखही नाही. देव आठवला नाही तर कासावीस व्हायला होतं का, एवढंच विचारलं आहे. पुढे ८२व्या सूत्रात भक्तीचे अकरा प्रकार सांगितले आहेत आणि त्या यादीत सर्वांत शेवटी आहे परमविरहासक्ती. म्हणजे ज्या ठिकाणी आपण "देव भेटला, आता शांत शांत वाटतं" असं काहीतरी अपेक्षित धरू, तिथे नारदांनी विरह ठेवला आहे.

पण देव इथेही आहेच ना?

आहे. वारकरी ते नाकारत नाहीत. अडचण आपल्या बाजूची आहे. मुलगा अमेरिकेत असतो. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, तो जेवला का, त्याच्याकडे बर्फ पडला का, सगळं आईला ठाऊक असतं. तो सुखरूप आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नसते. तरी तो डिसेंबरात येणार म्हटल्यावर ती सप्टेंबरपासून भाजणीची तयारी काढून बसते. एखादी गोष्ट आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती डोळ्यांपुढे, हाताच्या अंतरावर असणं वेगळं. आपल्याला शरीर आहे, आणि शरीराला जवळीक लागते.

हा मुद्दा गीतेच्या बाराव्या अध्यायातही येतो. अर्जुन विचारतो की तुझी सगुण रूपात भक्ती करणारे आणि अव्यक्ताची उपासना करणारे, यांत श्रेष्ठ कोण? कृष्ण सांगतो की अव्यक्ताचे उपासकही मलाच येऊन मिळतात, पण देहधारी माणसाला ती वाट फार कष्टाची होते. देव सर्वत्र असणं खरं. पण सर्वत्र असलेल्याकडे पाहायचं कुठे, हे मनाला सुचत नाही. विटेवर उभं असलेलं, कमरेवर हात ठेवलेलं एक सावळं रूप मिळालं की मनाला बसायला जागा मिळते.

ज्ञानदेवांना विरह कशाला?

ही शंका अधिक टोकदार आहे. सामान्य माणसाला ओढ वाटते, ठीक. पण ज्यांनी जीव आणि शिव एकच असं सांगितलं, त्या ज्ञानदेवांनी 'विरहिणी', म्हणजे विरहात झुरणाऱ्या स्त्रीच्या तोंडचे अभंग, का लिहिल्या? दोघं एकच असतील तर वाट कोण कुणाची पाहणार?

'पैल तो गे काऊ कोकताहे' हा त्यांतला सर्वांच्या ओळखीचा अभंग. अंगणापलीकडे कावळा ओरडतोय, म्हणजे पाहुणा येणार. ती विरहिणी कावळ्याशी सौदा करू लागते: उडून जा, तुझे पाय सोन्यानं मढवीन, दहीभाताचा उंडा तोंडाला लावीन, पण पंढरीचा राजा माझ्या घरी कधी येईल ते सांग. एवढा मोठा तत्त्वज्ञ एका बाईच्या आवाजात कावळ्याची मनधरणी करतो आहे. हे नुसतं काव्य म्हणून सोडून देता येत नाही, कारण याच प्रश्नाचं उत्तर त्यांनी 'अमृतानुभवा'त स्वतः दिलं आहे:

देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु ।
तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा ॥

वेरूळचं कैलास लेणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच पटेल. देव, देऊळ आणि देवाभोवतीची माणसं, सगळी एकाच डोंगरातून कोरलेली. दगड एकच, तरी तिथे देव आहे आणि त्याच्यापुढे हात जोडून उभा असलेला भक्तही आहे. मग एकपणात भक्तीचा व्यवहार का होऊ नये? ज्ञानदेवांचं म्हणणं असं की एकत्व कळल्यानं प्रेम संपायचं कारण नाही. उलट आता ते भीतीशिवाय, मागण्याशिवाय करता येतं. माझ्या दृष्टीनं मराठीत लिहिल्या गेलेल्या सर्वांत धीट ओव्यांपैकी ही एक आहे. ज्ञान झालं की भक्ती गळून पडते, ही समजूत तिने चार चरणांत मोडीत काढली.

तुकोबांची भूक

विरह जवळून पाहायचा असेल तर तुकोबांचा 'भेटीलागी जीवा लागलीसे आस' हा अभंग सावकाश वाचावा. गाऊन गाऊन तो इतका तोंडात बसला आहे की त्यात काय म्हटलंय याकडे लक्ष जात नाही.

पहिला दाखला चकोराचा. पौर्णिमेचा चंद्र हेच त्याचं जीवन. हा जुना कवींचा ठरलेला दाखला झाला. मग तुकोबा एकदम घरात शिरतात: 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली'. दिवाळीला माहेरी न्यायला भाऊ किंवा बाप येतो, त्याला मूळ येणं म्हणतात. सासरी नांदणारी पोर रस्त्याकडे डोळे लावून आहे. तिला माहेर नाही म्हणून ती आसावलेली नाही. माहेर आहे, तिथलं प्रेम तिनं भरपूर घेतलं आहे, म्हणूनच ती झुरते. ज्याला माहेरच ठाऊक नाही त्याला दिवाळीची वाट पाहायचं काय कारण? तिसरा दाखला भुकेल्या बाळाचा: ते आकांत करतं, पण वाट आईचीच पाहतं. आणि शेवटी तुकोबा सगळे दाखले बाजूला सारून उघड बोलतात: 'तुका म्हणे मज लागलीसे भूक । धांवूनि श्रीमुख दावीं देवा'. चकोरावरून लेक, लेकीवरून बाळ, बाळावरून थेट स्वतःचं पोट. अभंग जसजसा पुढे जातो तसतशी ओढ अंगात उतरत जाते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. तुकोबांच्या घराण्यात विठ्ठलाचं देऊळ देहूतच होतं. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांच्यासाठी देव देहूला आला, अशी परंपरा सांगते. पडझड झालेलं ते देऊळ तुकोबांनी स्वतः दुरुस्त केलं. म्हणजे विठोबा त्यांच्या दारात होता, रोज दिसत होता. तरी हा माणूस पंढरीच्या वाटेकडे पाहत तळमळतो. तेव्हा ही ओढ मूर्ती जवळ नसल्याची नव्हतीच. भेटल्यावरही पुरेसं भेटलो नाही, असं वाटायला लावणारी ती ओढ आहे.

तिच्यात राग पण येतो. 'माझे लेखी देव मेला । असो त्याला असेल' असं तुकोबा बोलून गेले आहेत. नास्तिकाला देवावर रुसता येत नाही. रुसायलाही समोर कुणीतरी असावं लागतं. वारीत याचंच एक रूप संध्याकाळच्या समाजआरतीला दिसतं. चोपदार दंड उंचावतात, 'होऽ' अशी हाक देतात आणि हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, तिचं ऐकून घेतलं जाईपर्यंत. तक्रार करण्याचा हक्क या संप्रदायानं माणसांतही ठेवला आणि देवापुढेही.

वारी नेमकं काय करते

घरी बसून ओढ वाटते आणि विरते. दूध उतू जातं, फोन वाजतो, आपण विसरतो. वारी त्या ओढीला पाय देते. रोज ठराविक मजल, ठरलेले अभंग, ठरलेला मुक्काम. चांदोबाचा लिंब या ठिकाणी उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्वाची धाव, पुढे गोल रिंगणं, पंढरपूरजवळ वाखरीला सगळ्या पालख्यांची भेट. वेळापूरजवळच्या उतारावर 'धावा' होतो. परंपरा सांगते की इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले. म्हणून आजही तिथे वारकरी धावतात. दोन आठवड्यांहून अधिक चाललेली, पायांना फोड आलेली, साठी ओलांडलेली माणसं पदर खोचून, धोतर सावरून धावतात. विचार करून कुणी असं धावत नाही.

आणि मग? एकादशीला पंढरपुरात पोचलेल्या लाखोंपैकी बहुतेकांना गाभाऱ्यात जाताच येत नाही. पायांवर डोकं ठेवणं ते पादस्पर्श दर्शन, थोड्या अंतरावरून तोंड पाहणं ते मुखदर्शन. दोन्हींच्या रांगा एवढ्या लांब की चंद्रभागेत स्नान करून, नगरप्रदक्षिणा घालून, नामदेव पायरीपाशी माथा टेकवून, रस्त्यातूनच कळसाला हात जोडून मंडळी परततात. एखादी वारकरी बाई पाहा: डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हातानं धरायचं, दुसरा हात छातीशी नेऊन मान वर करायची, ओठांनी काहीतरी पुटपुटायचं आणि गर्दीच्या रेट्यानं पुढे सरकायचं. अडीचशे किलोमीटरनंतर एवढंच. "दर्शन झालं का?" विचारलं तर उत्तर येतं, "झालं की!" त्यात कसलीही तडजोड नसते. भेट गाभाऱ्यात सुरू होते असं ती बाई मानतच नाही. तिची भेट घरचा उंबरा ओलांडला तेव्हाच सुरू झालेली असते.

२०२० च्या आषाढात महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही. मोजक्या लोकांसह पादुका एसटीच्या बसनं पंढरपूरला नेल्या गेल्या. पुढे २०२४ मध्ये मंदिराच्या संवर्धनाच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पादस्पर्श दर्शन बंद राहिलं. दोन्ही वेळा शास्त्रानुसार काही अडलं नव्हतं. नामस्मरण घरी होत होतं, देव सर्वत्र होताच. तरी लोकांना चुकल्यासारखं झालं, आणि ते होणं हीच नारदांनी सांगितलेली व्याकुळता.

भेट झाल्यावर ओढ संपायला हवी ना?

व्यवहारात तसंच होतं. भूक लागली, जेवलो, संपलं. भक्तीत तसं व्हावं असं संतांना वाटत नाही, हे त्यांच्या मागण्यांवरूनच दिसतं. कीर्तनाच्या शेवटी म्हटलं जाणारं 'हेंचि दान देगा देवा । तुझा विसर न व्हावा' हे मागणं पाहा. आत स्पष्ट म्हटलं आहे की मुक्ती नको, धनसंपदा नको, संतांची संगत दे. आणि शेवट: 'तुका म्हणे गर्भवासी । सुखें घालावें आम्हांसी'. बहुतेक भारतीय तत्त्वज्ञानाची धडपड जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायची. इथे एक वाणी देवाला सांगतो आहे की खुशाल पुन्हा जन्माला घाल, फक्त तुझी आठवण राहू दे. तसंच 'पंढरीचा वारकरी । वारी चुकों न दे हरी'. वारी संपताना पुढच्या वारीचं मागणं.

ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांचं काय?

हा भाग टाळून विरहाचं कौतुक करणं मला मान्य नाही. संत चोखोबा पंढरीचे वारकरी, तरी आयुष्यभर देवळाबाहेरच राहिले. त्यांचा विरह देवानं दिलेला नव्हता, माणसांनी जातीच्या नावानं लादलेला होता. 'धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद' या त्यांच्या हाकेत पुढे बडवे, म्हणजे देवळातले पुजारी, मारतात असं आलं आहे. तुकोबा देवाच्या दिशेनं धावतात. चोखोबांना आत जाताच येत नाही, म्हणून ते देवालाच बाहेर धावत ये म्हणतात. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी पंढरीच्या देवळाच्या महाद्वारासमोर झाली, उंबऱ्याबाहेरच.

देवळाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते उघडलं. चोखोबांनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी. म्हणून कुणी "दूर असण्यातच भक्तीची गोडी" असं म्हणू लागलं की विचारावं, दूर कुणी ठेवलं? प्रेमातून आलेला दुरावा आणि अन्यायातून आलेला दुरावा एका मापानं मोजता येत नाही. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई त्याच बाहेरच्या जागेवरून 'अवघा रंग एक झाला' असं गाऊ शकल्या, हे त्यांचं मोठेपण. त्यामुळे दार बंद ठेवणारे निर्दोष ठरत नाहीत.

हा नुसता मनाचा खेळ नाही कशावरून?

ही शंका आस्तिकांनीही घ्यावी अशी आहे. डोळ्यांत पाणी येणं, अंगावर रोमांच येणं सुरेल आवाजानंही होतं. हजारो टाळ एका ठेक्यात वाजले की अश्रद्ध माणसाचाही गळा दाटतो. मग खरी ओढ ओळखायची कशी?

नारदांच्या सूत्राचा पहिला भाग यासाठीच आहे. व्याकुळतेच्या आधी तिथे आचरण अर्पण करणं आलं आहे. तुकोबांनीही देव कुठे जाणावा ते सांगून ठेवलं: जो रंजल्या-गांजल्यांना आपलं म्हणतो त्याच्या ठायी. कीर्तनात रडून घरी सुनेला छळणाऱ्याच्या रडण्याला या हिशेबात किंमत नाही. देव आहे की नाही याचा पुरावा विरहातून मिळत नाही, आणि संतांनी तसा दावाही केलेला नाही. त्या ओढीनं माणूस काय झाला, एवढं पाहता येतं. वारीत एकमेकांच्या पाया पडणारी, अनोळखी माणसाला 'माउली' म्हणणारी ही माणसं गावी परतल्यावर तशीच राहतात का, हा प्रश्न प्रत्येक वारकऱ्यानं स्वतःला विचारावा, आणि अनेकजण विचारतातही.

ही तळमळ वारकऱ्यांपुरती नाही, हेही जाता जाता सांगतो. बायबलच्या ४२व्या स्तोत्रात पाण्यासाठी तळमळणाऱ्या हरिणीसारखा जीव देवासाठी तळमळतो. ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मराठी चर्चमध्ये त्यांची पदं आजही गायली जातात.

आणि मला काहीच वाटत नसेल तर?

बहुतेकांचं हेच असतं, आणि बोलायची लाज वाटते. आजूबाजूला सगळे रंगलेले आणि आपण कोरडे. संप्रदायानं यावर अगदी साधा उपाय धरला आहे: नेम. गळ्यात माळ, एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षाची वारी. मन लागो न लागो, वेळ झाली की म्हणायचं. ओढ आपल्या हुकमानं येत नाही. ती आली तेव्हा आपण जागेवर असावं, यासाठी नेम. कोरडेपणाचं दुःख होत असेल तर तेही नारदांच्या व्याकुळतेतच जमा आहे.

एक मात्र सांभाळावं. महिनोन्महिने झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं झालंय, अशा अवस्थेला विरह समजून कवटाळून बसू नये. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. विरहिणी दहीभात कालवते, कावळ्याशी बोलते, पाहुण्याची तयारी करते. तिची ओढ तिला कामाला लावते.

एकट्यानं जमत नसेल तर चारचौघांत बसावं. वारकरी भजन एकट्याचं नसतंच. एकजण चरण म्हणतो, बाकीचे उचलून धरतात. आपला आवाज फुटला नाही तरी चाल पुढे जाते. गावोगावच्या विठ्ठलमंदिरांत संध्याकाळी हरिपाठ होतो. मागच्या ओळीत जाऊन बसायला कुणाला विचारावं लागत नाही, आणि टाळ शिल्लक असला तर शेजारचा माणूस न सांगता पुढे करतो.